खाप्याची भाची

सुमतीबाईंना चेहरे लक्षात राहत नसत. नावं राहत, पण कोणतं नाव कोणत्या चेहऱ्याचं, इथं घोटाळा होई. महाल पेठेतल्या मुलींच्या शाळेत त्या नोकरीला लागून वर्ष होऊन गेलं होतं, तरी वर्गातल्या दोघी बहिणींना त्या अजून एकमेकींच्या नावानं हाक मारत. एकदा तर त्यांनी एका मुलीची तक्रार दुसरीच्याच आईला सांगितली, आणि त्या आईनं घरी जाऊन आपल्या निरपराध लेकीला बदडून काढलं. तेव्हापासून त्या धास्तावल्या होत्या. नवीन कोणी समोर आलं की 'तू कोण' असं सरळ विचारायला त्यांची जीभ रेटत नसे. न जाणो, ओळखीचंच निघायचं.

एकोणीसशे एकतीस सालच्या हिवाळ्यात वरून लिहून आलं की मुलींना निसर्गपाठ खोलीत न देता बाहेर, झाडांत नेऊन द्यावा. मुख्याध्यापिका गोपिकाबाईंनी ते काम सुमतीबाईंवर सोपवलं, कारण ट्रेनिंगमध्ये त्यांनी हा विषय घेतला होता. घेतला होता हे खरं, पण भिंतीवर टांगलेल्या चित्रांवरून. चित्रातलं झाड एका नजरेत मावत असे. खरं झाड समोर उभं राहिलं की त्याचं काय आधी दाखवावं हेच त्यांना कळत नसे.

सक्करदऱ्याच्या तळ्यापलीकडे सरकारनं लावलेली झाडांची एक बाग होती. प्रांतातल्या जंगलांमधून आणलेली झाडं तिथं रांगेनं लावलेली होती आणि प्रत्येक खोडावर नंबराची पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. म्हणून लोक तिला नंबरी बाग म्हणत. दर शनिवारी सकाळी भाड्याची बैलगाडी शाळेच्या दारात लागे. मुलींना घरोघरून बोलावून आणणारी शाळेची दाई, देवकी, त्यांना गाडीत कोंबून बसवी आणि सगळ्या नंबरी बागेत जात. दोन शनिवार तसे बरे पार पडले होते.

तिसऱ्या शनिवारच्या आधी गोपिकाबाईंनी सुमतीबाईंना सांगून ठेवलं, "शाळेच्या कमिटीतल्या मारोतरावांची भाची यायची आहे. खाप्याहून. शिकायला मामाकडे ठेवताहेत तिला. शाळेत नाव घालायच्या आधी एकदा बागेतला तुमचा वर्ग बघायला पाठवीन म्हणाले. आली तर नीट लक्ष द्या. मोठ्या घरची मुलगी आहे."

त्या शनिवारी मुली मोहाच्या झाडाखाली गोल करून बसल्या. पाठ पानांचा होता. सुमतीबाईंनी चिंचेची डहाळी हातात धरली आणि पान म्हणजे नेमकं किती, हे सांगायला सुरुवात केली. एवढ्यात त्यांचं लक्ष कडेला गेलं. तिथं एक मुलगी बसली होती. आठ-नऊ वर्षांची, केसांना चापून तेल, परकर धुवट पण विटका, पाय उघडे. ती इतकी स्वस्थ बसली होती की जणू पहिल्या दिवसापासून वर्गात असावी. आणि सुमतीबाईंना नेहमीचाच प्रश्न पडला. ही आपली आहे की नाही?

त्यांनी जवळ जाऊन हळूच विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"भिवरा."

हे नाव वर्गात नव्हतं एवढं त्यांना खात्रीनं ठाऊक होतं. मग त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "गाव?"

"खापा."

सुमतीबाईंना हायसं वाटलं. "म्हणजे मामाकडे आली आहेस ना?"

"हो. मामाच्याच घरी राह्यतो आमी."

"मामांना माहीत आहे ना तू इथं बसली आहेस ते?"

"मामाच म्हने, जा, बस."

झालं. यापेक्षा आणखी काय विचारायचं? मोठ्या घरची मुलगी अनवाणी आणि विटक्या परकरात, ही गोष्ट त्यांना खटकली. पण बागेत मळायचं म्हणून घरच्यांनी जुने कपडे घातले असतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. चिंतेत राहण्यापेक्षा ठरवून टाकणं त्यांना सोपं जाई.

पाठ मात्र त्या दिवशी रंगला. देठावरची ती बारीक बारीक पानं निरनिराळी नसून सगळी मिळून चिंचेचं एकच पान होतं, असं सुमतीबाईंनी सांगितलं तेव्हा मुलींनी ते मानलंच नाही. एकीनं विचारलं, मग एक फांदी म्हणजे पण एकच पान का नाही? दुसरी म्हणाली, अख्खं झाडच एक पान म्हणा मग. सुमतीबाईंनी सांगायला तोंड उघडलं, आणि आपल्यालाही ते कळलं आहे की फक्त पाठ आहे, अशी शंका त्यांना आली. शेवटी त्यांनी दुसराच खेळ काढला. डोळे मिटायचे, हातात दिलेलं पान चाचपायचं आणि झाड सांगायचं. भिवराच्या हातात त्यांनी सागाचं पान दिलं, खरखरीत. तिनं बराच वेळ ते गालावर घासलं आणि म्हणाली, "मांजरीची जीभ." सगळ्या हसल्या. ती पण हसली. दुसऱ्या वेळेला तिनं पळसाला वड म्हटलं, तिसऱ्या वेळेला वडाला पळस. पण दर वेळेला हात पुढे करायला तीच पहिली.

उन्हं वर आली तशी गाडीवान हाका मारू लागला. मुली गाडीत चढल्या. भिवरा मोहाखाली उभी राहून बागेच्या मागच्या बाजूला पाहत होती. तिकडे उंच वाळलेलं गवत होतं.

"चल गं, तूही ये," सुमतीबाई म्हणाल्या. "मामांकडे शाळेतूनच पाठवू तुला."

मुलीनं एकदा गवताकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मग मुकाट्यानं चाकावर पाय देऊन आत चढली. देवकीनं तिला सरकून जागा दिली. देवकीला वाटलं, बाईंनी घरून कोणाची तरी पोरगी आणली आहे. मुलींना वाटलं, देवकीची कोणी असेल. कोणीच कोणाला विचारलं नाही.

शाळेच्या ओसरीवर गोपिकाबाई उभ्या होत्या. त्यांच्याशेजारी बूट-मोजे घातलेली, दोन वेण्यांना रेशमी फिती बांधलेली एक मुलगी होती.

"या. ही प्रेमिला. मारोतरावांची भाची. सकाळी उशीर झाला म्हणून बागेत येता आलं नाही तिला."

सुमतीबाईंनी प्रेमिलाकडे पाहिलं. मग गाडीतून उतरणाऱ्या भिवराकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आपण परत चेहऱ्यांचा घोळ करतो आहोत. थोडा वेळ गेला की आपोआप सगळं जागेवर येईल.

"मग ही कोण?" त्यांनी विचारलं.

"ते मी तुम्हाला विचारायला हवं," गोपिकाबाई म्हणाल्या.

भिवराला ओसरीवर बसवून पाणी दिलं आणि प्रश्नांची सरबत्ती झाली. तिनं सकाळचीच उत्तरं दिली. नाव भिवरा. गाव खापा. राहतो मामाकडे. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

"मामाचं नाव काय?"

"नानाजी."

"काय करतो?"

"गवत कापते. माय बी कापते. बागेतलं."

"आणि तुला वर्गात जाऊन बस असं कोणी सांगितलं?"

"मायनं. मायनं मामाले विचारलं, मामा म्हने बसू दे."

गोपिकाबाईंनी सुमतीबाईंना बाजूला घेतलं. आवाज त्यांनी चढवला नाही, पण तो थंड झाला होता. "सुमतीबाई, तुम्ही कोणाची तरी पोर उचलून आणली आहे. तिची आई तिकडे टाहो फोडत असेल. पोलीस येतील शाळेत."

सुमतीबाईंनी लगेच टांगा बोलावला. देवकीला आणि भिवराला घेऊन त्या टांग्यात बसल्या. वाटेत प्रत्येक बाईकडे त्या वाकून पाहत. भारा घेतलेली बाई दिसली की टांगा थांबवत आणि भिवराला विचारत, "ही का तुझी आई?" भिवरा मान हलवून नाही म्हणे. तिला टांग्यात पुढे, टांगेवाल्याच्या शेजारी बसायला मिळालं होतं. ती आयुष्यात पहिल्यांदा टांग्यात बसली असावी. आई हरवली आहे की आपण हरवलो आहोत, यातलं काहीही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. एकदा तिनं मागं वळून विचारलं, "बाई, आता कोनत्या झाडाकडं चाललो?"

बागेच्या फाटकाशी चौकीदार दादाजी विडी ओढत बसला होता. मुलीला पाहून तो उठला.

"आली का पोट्टी? अन् माय कुठं हाय तिची?"

"तेच विचारायला आलो आम्ही," सुमतीबाई म्हणाल्या.

"ते तं गेली नं तुमच्याकडं. भारा बांधून आली, म्हने पोरगी कुठं हाय. मी म्हनलं शाळेच्या गाडीत बसून गेली. म्हने कोनत्या शाळेत. मी म्हनलं ते मले काय मालूम. इकडं ह्या वाटेनं आल्या, ह्याच वाटेनं गेल्या."

"रडत होती का?"

दादाजीनं आठवून पाहिलं. "नाई बा. रडाले काय झालं? भारा डोक्यावर घेतला अन् गेली."

रडली नाही, हे ऐकून सुमतीबाई जास्तच गोंधळल्या. ज्या आईची मुलगी नेली ती आई रडत नाही म्हणजे काय समजायचं? कदाचित दादाजीचं लक्ष नसेल. कदाचित ती आईच नसेल. टांगा परत फिरवताना त्यांच्या मनात हे सगळं एकदम चालू होतं, आणि समोर भिवरा घोड्याच्या शेपटीशी बोलत होती. परतीच्या रस्त्यावरही ती बाई कुठं भेटली नाही. ती शाळा विचारत विचारत शेतांमधून गेली होती.

शाळेत पोचल्या तेव्हा ओसरीच्या पायरीखाली गवताचा भारा ठेवलेला होता आणि त्याला टेकून एक बाई बसली होती. विळा तिनं पदरात गुंडाळून कमरेला खोचला होता. वर ओसरीवर खुर्चीत गोपिकाबाई. बोलून झालं असावं आणि त्यातून काही निघालं नसावं, असं दोघींचे चेहरे सांगत होते.

"माय," म्हणत भिवरा टांग्यातून उतरली. बाईनं तिच्याकडे पाहिलं, परकराला लागलेली कुसळं काढली आणि सरळ विचारलं, "पाटी देल्ली का?"

"नाई."

मग ती सुमतीबाईंकडे वळली. तिचं नाव प्रयागबाई. भावाच्या हाताखाली गवत कापायला ती हिवाळ्यापुरती खाप्याहून आली होती. आवाजात भांडण नव्हतं, पण हिशेब चुकलेल्या माणसाचं आश्चर्य होतं. "बाई, पोरीले घेऊन गेल्या, अन् पाटी बी नाई देल्ली. मंग नेलं काहून?"

सुमतीबाईंनी वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. ती सगळी निरुपयोगी झाली. "तुम्ही... तुम्ही तिला वर्गात बसवलं कशाला?"

"कशाले म्हणजे? शिकाले."

"पण ती आमच्या शाळेतली नाही."

"शाळेतली कशी राहीन? शाळा तं हे हाय," प्रयागबाईनं मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "मले आता कळलं. म्या पहिल्या शनवारी पाहिलं, झाडाखाली पोरी बसून राहिल्या, बाई शिकवून राहिली. दादाजीले विचारलं, हे कोनासाठी होय गा? तो म्हने बाग सरकारची, झाडं सरकारची, बाई बी सरकारचीच असन. म्या म्हनलं, सरकारचं हाय तं सगळ्यायचंच हाय. दुसऱ्या शनवारी डोळ्यानं पाहून घेतलं, तुमी मारत नाई. मंग पोरीले न्हाऊ घातलं अन् बसवलं."

गोपिकाबाई खुर्चीत सावरून बसल्या. "अहो, तो फक्त एक तास असतो बागेतला. आठवड्यातून एकदा. बाकी सगळी शाळा इथं भरते."

"इथं? आत?"

"आत."

प्रयागबाई उठली. वहाणा नव्हत्याच, पाय झटकून ती ओसरी चढली आणि वर्गाच्या दारातून आत डोकावली. लाकडी बाकं, फळा, खिडकीला जाळी. शनिवारची शाळा सुटली होती, त्यामुळे खोली रिकामी होती. ती बराच वेळ पाहत राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "आत बसून काय शिकवता?"

"वाचन. लेखन. गणित."

"अन् झाड?"

"ते शनिवारी."

"मंग हे वाचन-गिनती झाडाखाली नाई होत का?"

गोपिकाबाई म्हणाल्या की होत नाही. का होत नाही ते त्यांनी सांगितलं नाही. प्रयागबाईनं सुमतीबाईंकडे पाहिलं, आणि सुमतीबाई कारण शोधू लागल्या. पाऊस येतो म्हणावं तर हिवाळा चालू होता. ऊन लागतं म्हणावं तर ही बाई दिवसभर उन्हात गवत कापत होती. मुलींचं लक्ष उडतं, हे खरं कारण त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण सकाळी मोहाखाली कोणाचं लक्ष उडालं होतं ते त्यांना आठवेना.

गोपिकाबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलं, मुलीचं नाव घालता येईल. पण रोज यावं लागेल, आणि वडिलांची संमती लागेल.

"बाप खाप्याले मागावर बसते," प्रयागबाई म्हणाली. "त्याले पोरगी सुताच्या कांड्या भराले पायजे. गवत सरलं का आमी जाऊ. रोज यायचं कसं जमन? अन् खोलीत ठेवाले मी काहून आणू तिले? खोली तं घरी बी हाय."

तिनं भारा उचलायला हात लावला. देवकीनं पुढे होऊन तो तिच्या डोक्यावर चढवून दिला. जाता जाता भारा सावरत ती म्हणाली, "बाई, शनवारी या. आमी हाओत." एवढं बोलून, सगळं काही ठरलं असल्यासारखी ती मुलीला घेऊन निघून गेली.

"तुम्ही तिला नाही म्हणायला हवं होतं," गोपिकाबाई म्हणाल्या.

"कशाला नाही म्हणायचं?"

गोपिकाबाई खुर्ची उचलून आत निघाल्या. दारातून वळून त्या म्हणाल्या, "गाडीत मात्र घालू नका."

मग तो हिवाळा तसाच गेला. दर शनिवारी भिवरा कडेला येऊन बसे. प्रेमिला आधी तिच्यापासून लांब बसली, मग कंटाळून जवळ सरकली, कारण पानांच्या खेळात भिवरासारखी चुकीची उत्तरं दुसरं कोणी देत नसे. एका शनिवारी मारोतरावांच्या घरून निरोप आला की गवतवालीच्या मुलीशेजारी आमच्या भाचीला बसवतात हे खरं काय. सुमतीबाईंनी निरोप्याला सांगितलं, बागेत शेजार ठरवता येत नाही, झाडाची सावली सरकते तशा मुली सरकतात. ते खरं होतं. पण हे आपण बोललो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्यानंतर दोन शनिवार प्रेमिला आली नाही. तिसऱ्याला आली.

फाल्गुनात गवत सरलं. होळीच्या आधीच्या शनिवारी मोहाखाली कडेची जागा रिकामी होती. सुमतीबाईंनी पाठ चालू केला आणि मध्येच थांबून बागेच्या मागच्या बाजूला पाहिलं. कापलेल्या जमिनीवर कोणी नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दोघी बहिणींना चक्क बरोबर नावानं हाक मारली, आणि त्या दोघीच चमकल्या.

पुढच्या हिवाळ्यात निसर्गपाठ परत सुरू झाला. पहिल्याच शनिवारी गवतात प्रयागबाई दिसली. एकटीच. मुलींना पानं गोळा करायला सांगून सुमतीबाई तिच्याकडे गेल्या. चेहरा ओळखायला त्यांना जरासुद्धा वेळ लागला नाही.

"भिवरा कुठे आहे?"

प्रयागबाईनं विळा खाली ठेवला. "खाप्याले. शाळेत."

सुमतीबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"घरी गेली अन् बापाचं डोकं खाल्लं तिनं. कांड्या भरता भरता हे काहून, ते काहून. सूत काहून तुटते, रंग कुठून येते. त्याले काय उत्तर येते? दोनदा त्याचा मागावरचा ताना बिघडला. एक दिवस उठला अन् पोरीले धरून मास्तरकडं नेऊन बसवलं. म्हने आता ह्याले विचार, मले मागावर बसू दे."

"पण मग चांगलंच झालं की."

प्रयागबाईनं मोहाकडे पाहिलं. मुली झाडाखाली वाकून वाकून पानं वेचत होत्या, आणि प्रेमिला एकीशी काहीतरी कारणावरून वाद घालत होती.

"खोलीत बसते दिवसभर," प्रयागबाई म्हणाली. "अक्षर काढते, चांगलं काढते. पण घरी आली का गुपचूप राह्यते. काही विचारत नाई. बाप खूश हाय. मास्तर बी म्हनते, पोरगी हुशार हाय. मलेच काही समजून नाई राहिलं. तुमी शिकलेल्या आहा. तुमी सांगा, हे चांगलं झालं का वंगाळ झालं?"

सुमतीबाईंना 'चांगलं' म्हणायचं होतं. तोच शब्द त्यांनी आता एकदा उच्चारलाही होता. पण प्रयागबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, उत्तर येईपर्यंत विळा न उचलणाऱ्या बाईसारखी. मागून कोणीतरी हाक मारली, बाई, ह्याला एक पान म्हणायचं का दोन. सुमतीबाई वळल्या नाहीत.

"मलाही नाही समजत, प्रयागबाई," त्या म्हणाल्या. "एकदा खाप्याला येऊन भेटले तिला, तर चालेल का?"

"चालन नं," प्रयागबाई म्हणाली. "इतवारी या. इतवारी ते घरी राह्यते. कोष्टीपुऱ्यात कोनालेही विचारा, भिवराचा बाप कवडू, त्याचा माग कुठं हाय म्हनून."

असं म्हणून ती खाली बसली आणि गवताची मूठ धरून कापू लागली.